काळ्या वायरीचे दिवस

बाळांनो,

मागच्या रविवारी धाकट्याने मला एक फोटो पाठवला. टेबलावर पत्त्याच्या पानाएवढ्या दोन हिरव्या पाट्या, त्यांच्यामध्ये रंगीत वायरींचा गुंता, आणि शेजारच्या पडद्यावर अक्षरांचा चिवडा. प्रश्नचिन्हं, रिकाम्या चौकटी, मध्येच एखादा सुटा आकडा. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आजी, माझे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी वेड्यासारखं बोलतायत. तुला कळणार नाही, गंमत म्हणून पाठवतोय.’

मला कळलं. चष्मा शोधायच्या आधीच कळलं. मी उत्तर पाठवलं की दोन्हीकडचा वेग एकच आहे का ते पाहा, आणि दोघांच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडल्यास का ते पाहा. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, ‘आजी, तुला कसं माहीत?’

त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुमच्यातला कुणीतरी जेवायला पळतो. आणि आता सांगितलं नाही तर तुम्ही असंच समजाल की आजीने कुठेतरी वाचलं असेल. म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर शाळेत मी तेच शिकवलं. पण तुमच्या आजोबांचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. जिथे अडेल तिथे आईला विचारा. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही उरलेलं नाही.

आपलं घर तुम्हाला आठवत असेल. अर्जुनी मोरगावहून केशोरीकडे जाताना लागणाऱ्या गावाच्या अगदी कडेला. मागच्या पडवीच्या पायऱ्या उतरलं की समोर बोडी. बोडी म्हणजे शेतापुरतं तळं. आपल्याकडे धान पिकतो, आणि धानाला पाणी लागतं ते त्याच्या वेळेला. पाऊस ओढ देऊन बसला की बोडीचं पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, सोडायचं. म्हणून बोडीत पाणी किती, हा आजोबांच्या दिवसाचा पहिला प्रश्न असायचा.

बोडीत काठाजवळ एक सागाचा खांब रोवलेला होता आणि मोजमाप बोटांचं होतं. पाणी चार बोटं चढलं, दोन बोटं उतरलं, असं. तुमची आई अगदी लहान असल्यापासून हे काम तिचं. उठली की तोंड न धुता बोडीवर पळायची आणि पारीवरूनच, म्हणजे बोडीच्या बांधावरूनच, ओरडायची, “बाबा, तीन बोटं उतरलं!”

आजोबा कडुनिंबाची काडी चावत विचारायचे, “कोनाची बोटं? तुही का माही?”

“माझी!”

“मंग दोनच उतरलं. तुही बोटं का, शेंगा त्या.”

रोज हेच. ती त्यांच्याशी भांडायची, दोघं पुन्हा बोडीवर जायचे, आजोबा स्वतःची बोटं खांबाला लावून तिला दाखवायचे. मग पाण्यावरून गोष्ट निघायची ती शिंगाड्यांवर, पलीकडच्या शेतात उतरलेल्या सारसांवर, शाळेतल्या कुणाच्या तरी खोडीवर. मी स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची. तुमचे आजोबा मुळात अबोल माणूस. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला वाटायचं, यांना माझी इंग्रजी शाळा आवडत नाही म्हणून बोलत नाहीत. नंतर कळलं की ते बैलांशीसुद्धा बेतानेच बोलतात. त्यांचं सगळं बोलणं पाण्यातून सुरू व्हायचं, आणि त्या पाण्याची बातमी आणणारी ती होती.

ती शिकायला नागपूरला गेली, तिथून पुण्याला, आणि मग लग्न होऊन तुमच्याकडे, म्हणजे समुद्रापलीकडे. दर रविवारी फोन यायचा. आजोबा फोनजवळच बसलेले असायचे. पहिल्या घंटीला उचलायचे, आणि मग असं:

“कशी आहेस?”

“बरी आहे बाबा. तुम्ही?”

“बरा आहो. पोरं?”

“बरी आहेत.”

“हं. घे, तुह्या आईशी बोल.”

फोन माझ्याकडे असा द्यायचे की जणू हातात गरम तवा आहे. आणि मग मी बोलत असेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. फोन ठेवला की विचारायचे, “का म्हने?”

एका हिवाळ्यात ती तुम्हाला घेऊन आली. मोठी शाळेत जायला लागली होती, धाकटा मांडीवरून उतरत नव्हता. परत जायच्या आधी तिने नागपूरहून तशाच दोन पाट्या मागवल्या. पाटी हा माझा शब्द. कॉम्प्युटर म्हटलं की मला शाळेतलं कपाटाएवढं धूड आठवतं. एक पाटी तिने डब्यात बंद करून बोडीतल्या खांबावर बसवली. ती पाण्याच्या दिशेने आवाज सोडायची आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढायची, वटवाघूळ काढतं तसं. तिला जुन्या मोटारसायकलची बॅटरी. दुसरी पाटी मागच्या खोलीत, घरच्या विजेवर, एका पडद्याला जोडलेली. दोघींच्या मध्ये वायर. रोज सकाळी घरची पाटी बोडीच्या पाटीला विचारायची, बोडीची सांगायची, आणि घरची तो आकडा डोंगलच्या नेटवरून तुमच्या आईच्या फोनवर धाडायची.

आजोबांनी एकच अट घातली. “सेंटीमीटर नाई पाहिजे. बोटांत सांगाले सांग त्याले.”

“बाबा, बोटं सगळ्यांची वेगळी असतात.”

“म्हनून तं म्हनतो. माही घाल.”

तिने त्यांचा हात पट्टीवर ठेवायला लावला, चार बोटांची रुंदी मोजली, चाराने भागली, आणि तो आकडा प्रोग्राममध्ये घातला. त्या आकड्याला तिने नाव दिलं ‘बाबांचं बोट’. प्रोग्राममध्ये आकड्यांना नावं द्यावी लागतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “आई, आता मला तिकडे रोज कळेल. बाबांशी बोलायला काहीतरी असेल.”

झालं उलटं. आकडा रोज सकाळी तिच्या फोनवर जायचा, तो तिला दिसायचा, आणि दिसला की विचारायचं काय उरलं? फोन रविवारीच येत राहिला. मी एकदा आजोबांना म्हटलं, तिला सांगा ना पाणी किती चढलं ते. म्हणाले, “तिले माहीतच आहे. कायले सांगू?” आणि गरम तवा माझ्या हातात.

तसे महिने गेले. मग पावसाळ्याच्या तोंडाशी एका खारीने बोडीकडची वायर कुरतडली. आजोबांनी गोठ्यामागच्या जुन्या पंपाची वायर काढून तिथे टाकली, दोन्ही टोकं जोडली, चिकटपट्टी गुंडाळली आणि मला सांगितलं, “झालं बरोबर.” त्यांना तुमच्या आईला त्रास द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, मला वाटतं बुधवार होता, सकाळी फोन वाजला. रविवार नसताना. आम्ही दोघंही घाबरलो. आजोबांनी झडप घालून फोन उचलला.

“का झालं? पोरं बरी आहेत ना?”

“बरी आहेत बाबा. बोडीला काय झालं? नुसता कचरा येतोय.”

“बोडीत कचरा? कोठं? मी आताच तं पाहून आलो. साफ आहे.”

“बोडीत नाही हो, फोनवर! आकड्याच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतायत.”

आणि तिथून ते दिवस सुरू झाले. तुमच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. तुमची आई ऑफिसमधून येऊन, तुम्हाला खायला देऊन फोन करायची. आमच्याकडचं नेट इतकं मंद की तिला तिथून आमच्या पाटीत शिरता येत नव्हतं. त्यामुळे हात माझे, डोकं तिचं, आणि बोडीवर जायचे पाय आजोबांचे. फोन स्पीकरवर ठेवून मी पडद्यासमोर बसायची आणि आजोबा दारात, उंबऱ्यावर.

तिने मला पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहायला लावला. पोर्ट, म्हणजे वायर पाटीत शिरते ते दार, उघड, जे येईल ते जसंच्या तसं दाखव. मला ती भाषा पहिल्याच दिवशी आवडली. ओळ कुठून सुरू करायची याला त्यात अर्थ असतो. समास चुकला तर ती पुढे जातच नाही आणि कुठल्या ओळीत चुकलं ते स्वच्छ इंग्रजीत सांगते. मी इतकी वर्षं मुलांच्या वह्यांवर तेच लिहीत आले होते.

प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर जे आलं ते मी तिला वाचून दाखवायला लागले. “बॅकस्लॅश, एक्स, एफ, एफ. बॅकस्लॅश, एक्स, एफ, ई. बॅकस्लॅश...”

“हा का मंत्र म्हनून राहिली?” दारातून आवाज.

“बाबा, तिला वाचू द्या.”

“वाचू दे ना. नारळ आनू का फोडाले?”

पलीकडे तुमची आई हसायला लागली. अशी हसायला लागली की तिला बोलता येईना. किती काळाने मी ते हसणं ऐकत होते, आणि आजोबाही ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली होती, पण मला त्यांचे कान दिसत होते.

पहिल्या दिवशी वेग पाहिला. तिने समजावलं की अशा वायरीवर अक्षरं एकामागून एक, ठोक्या-ठोक्याने जातात. बोलणारा एका वेगाने ठोके टाकतो आणि ऐकणारा दुसऱ्या वेगाने मोजतो, तर अक्षर भलतंच कळतं. म्हणून दोन्हीकडे वेगाचा एकच आकडा लिहिलेला हवा. घरच्या प्रोग्राममध्ये मी पाहिला. बोडीच्या पाटीत काय लिहिलंय ते तिने तिच्याकडच्या प्रतीत पाहिलं. आकडा एकच. “मग वेग नाही,” ती म्हणाली. “उद्या पाहू. बाबा, पाऊस?”

“नाई ना. पऱ्हे टाकून झाले, वर निघून राहिले. आता आला नाई तं बोडीचं पानी सोडा लागन.” पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मग किती बोटं आहे, किती सोडता येईल, वरच्या बांधीला आधी की खालच्या, यावर दोघांचं बराच वेळ चाललं. फोन माझ्याकडे आलाच नाही. चहा निवला.

दुसऱ्या दिवशी तिने पाहायला लावलं की त्याच पोर्टवर दुसरा कुठला प्रोग्राम कान लावून बसला नाही ना. दोघे ऐकायला बसले तर अर्धी अक्षरं याच्या वाट्याला, अर्धी त्याच्या. तसंही नव्हतं. मग पुढच्या दिवशी घरच्या पाटीचीच परीक्षा. तिची बोडीकडची वायर काढून टाकायची, आणि तिचं बोलायचं टोक तिच्याच ऐकायच्या टोकाला तारेच्या तुकड्याने जोडायचं. जे पाठवू तेच परत यायला हवं. आलं तर पाटी ठीक.

“काय पाठवू?” मी विचारलं.

आजोबा म्हणाले, “राम राम पाठव. पहिल्यांदा बोलून राहिला तो सोताशी.”

मी देवनागरीत ‘राम राम’ टाइप केलं. परत आलं ते पुन्हा तसंच, बॅकस्लॅश, एक्स, ई, शून्य. माझा चेहरा पडला. तुमची आई म्हणाली, “आई, तो कचरा नाही. आपली अक्षरं तारेवर अशीच जातात, तीन-तीन तुकडे होऊन. त्यांना परत जुळवायला सांग.” तिने एक शब्द सांगितला, मी तो ओळीच्या शेवटी घातला, आणि पडद्यावर स्वच्छ आलं: राम राम.

“राम राम,” आजोबा पडद्याला म्हणाले. अगदी गंभीरपणे. त्या दिवशी मोठीने फोन हिसकावून घेऊन विचारलं होतं, “आजोबा, तुम्ही कोणाशी बोलताय?” ते म्हणाले, “तुह्या मायच्या मशीनशी. तुह्यापेक्षा बरा बोलते, पहिले नमस्कार करते.”

मोठे, तुला आठवतं का हे? मला वाटत नाही. तू विचारलंस की गाय तिथे आहे का, तिचा आवाज ऐकव. आजोबा फोन घेऊन गोठ्यात गेले. गाय त्या दिवशी बोलली नाही. मग आजोबांनी स्वतःच हंबरून दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

घरची पाटी ठीक निघाली. मग बोडीची पाटी खांबावरून काढून घरात आणायला लावली. आजोबा धोतर खोचून पाण्यात उतरले, डबा डोक्यावर धरून घेऊन आले. पाटी टेबलावर ठेवली, घरच्याच पाटीच्या पिनेतून तिला वीज दिली, तुमच्या आईने ठेवून दिलेल्या वीतभर वायरींनी दोघींना जोडलं. आकडा आला! सुरेख, स्वच्छ. टेबल किती खाली आहे ते ती सांगत होती, आजोबांच्या बोटांत. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाटी परत बोडीवर नेली, बॅटरी लावली, आणि पुन्हा कचरा.

“म्हणजे ही पाटी चांगली, तीही चांगली. मध्ये कोण उरलं?” तुमची आई म्हणाली. “वायर. बाबा, वायर कशी जोडलीय ते सांगा. रंगाने सांगा.”

“लाल आहे, पिवळी आहे.”

“आणि काळी?”

“काळी कायले? तिथं जुनी दोन तारीच वायर टाकली ना मी. बोलाची एक, ऐकाची एक. झाल्या दोन. तिसरी तं आर्थिंगची राहते.”

ती म्हणाली, “बाबा, आपल्या घरात एकातरी प्लगची तिसरी पिन लावलेली आहे का?”

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण तुमच्याकडे असं कुणी करत नाही. आपल्या गावात तिसरी पिन ही शोभेची वस्तू. प्लगला तीन पाय असतात, पण वीज दोनावर चालते, हे सगळ्यांना माहीत. पंप दोन तारांवर, पंखा दोन तारांवर. प्लग नसेल तर तिसऱ्या भोकात माचिसची काडी खुपसायची, म्हणजे बाकीची दोन उघडतात, आणि त्यांत नुसत्या तारा घालायच्या. वर्षानुवर्षं गावभर हे असंच चाललेलं. त्यामुळे तीन वायरी पाहिल्या की आपल्याकडचा माणूस मनातल्या मनात एक वजा करतो. आजोबांनीही तेच केलं.

“बाबा, ही ती आर्थिंग नाही. दोघांना एकाच जमिनीवर उभं करणारी वायर आहे ती. एकजण पारीवर उभा, दुसरा खड्ड्यात, आणि पाणी किती उंच ते सांगतायत. दोघांची उंची कुठून मोजायची तेच ठरलेलं नाही. टेबलावर दोघींना एकाच ठिकाणाहून वीज होती, शिवाय माझ्या वायरी तीन होत्या, म्हणून तिथे जमलं.”

आजोबांनी विचार केला. “म्हंजे माहे बोट आन् तुहे बोट.”

“तेच!”

त्यांनी दुपारीच अर्जुनीच्या बाजारातून तीन तारी वायर आणली. काळी जोडली. दुसऱ्या सकाळी आकडा स्वच्छ गेला. तुमच्या आईचा फोन आला, सगळे खूश, धाकट्यालाही काहीतरी आनंद झाला होता, तो मागे किंचाळत होता. आजोबांनी फोन ठेवला आणि बोडीकडे पाहत बसून राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कशाला येईल? सगळं ठीक चाललं होतं. पाऊस आला, रोवणा झाला, म्हणजे रोपं बांध्यांत लावून झाली, बोडी भरली. आजोबा सकाळी फेरी मारून यायचे, फोनजवळच्या खुर्चीत बसायचे, घड्याळाकडे पाहायचे आणि उठून जायचे. रविवारी पुन्हा कशी आहेस, बरी आहे, घे आईशी बोल. मला वाटलं होतं की एवढ्या दिवसांनी तरी गाडी रुळावर आली असेल. पण त्यांना बोलायला मध्ये काहीतरी ठेवावं लागायचं, आणि ते आता नव्हतं.

एका सकाळी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. आजोबा बोडीत खांबापाशी पाण्यात उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडलं, आत दोन बोटं घातली आणि काहीतरी हलकेच ओढलं. झाकण लावलं, पाय धुतले, पायऱ्या चढून वर आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “चहा ठेव.”

चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

“बाबा, पुन्हा कचरा येतोय.”

“हो का?” आजोबा म्हणाले. “पाहा लागन.”

मी तांदळातून मान वर केली नाही. त्या दिवशी पुन्हा वेगापासून सुरुवात झाली. मी पुन्हा बॅकस्लॅश एक्स वाचलं. मध्येच त्यांनी तिला विचारलं की तिकडे आता हवा कशी, मुलं काय खातात, शिंगाडे मिळतात का. आणि मग, वायरीबद्दलच बोलतोय अशा आवाजात, “उन्हाळ्यात येऊन राहिली का?”

“बघते बाबा. सुट्टीचं जमत नाहीये.”

“हं. नाई, सहज इचारलं. वायर पाहाले.”

संध्याकाळी ते बोडीवर गेले आणि दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर. मग काही दिवसांनी पुन्हा कचरा. असं पावसाळाभर चाललं. मी त्यांना एका शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते थांबले असते, आणि मला ते थांबायला नको होते. मलाही ते फोन हवे होते. त्यांच्या आवाजात तिचं लहानपण परत यायचं, आणि घर कसं तेव्हासारखं वाटायचं, कुणीतरी पारीवरून ओरडतंय, कुणीतरी त्याला चिडवतंय, आणि चहा निवून चाललाय.

दिवाळीच्या सुमारास तुमच्या आईने फक्त मला फोन केला. आजोबा धानाच्या कापणीवर होते.

“आई, एक विचारू?”

“विचार.”

“तिकडून जे येतं ते सगळं मी साठवून ठेवते, बरोबर आलेलं आणि कचरासुद्धा. काल सहज पाहत होते. महिन्यातून कितीदा तरी कचरा आलाय. पण रविवारी एकदाही नाही.” “आई, खारीला रविवार कसा कळतो गं?”

मग मला कळलं की ती रडते आहे.

“त्यांना सांगू नकोस,” ती म्हणाली. “पडदा लाव. मी सांगते तशा ओळी काढून टाक.”

बोडीचा आकडा तिच्याकडे धाडणाऱ्या ज्या ओळी होत्या, त्या तिने एकेक करून मला खोडायला लावल्या. मी मध्येच थांबले तेव्हा तिने विचारलं, “आई, आहेस ना?” मी म्हटलं, आहे. शेवटी प्रोग्राम चालवून पाहिला. बोडीचा आकडा घरच्या पडद्यावर आला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या सकाळी तिने आजोबांना फोन केला. मंगळवार होता. “बाबा, आता इकडे आकडा येणंच बंद झालंय.”

“वायर ठीक आहे पन,” आजोबा घाईने म्हणाले. “मी पाहिली.”

“वायर ठीकच असणार. इकडचं बिघडलंय. दुरुस्त होण्यासारखं नाही. तुम्हीच सांगत जा आता. मी फोन करत जाईन.”

“रोज?”

“रोज.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. मग ते फोनमध्ये म्हणाले, “बिघडलं तं बिघडू दे,” आणि आत जाऊन पडद्यावरचा आकडा पाहून आले. “दोन बोटं उतरलं.”

“कोणाची बोटं बाबा?”

“माही. आनखी कोनाची राहतीन?”

त्या उन्हाळ्यात तुम्ही आलात. पुढच्याही. त्यानंतर एका थंडीत आजोबा गेले, दुपारी, शेतावरून येऊन हातपाय धुतल्यावर. त्या दिवशी सकाळी ते रोजच्यासारखं तिच्याशी फोनवर बोलले होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी अंगणात होते, आणि आतून हसल्याचा आवाज आला एवढंच मला माहीत आहे. तुमची आई मला पुष्कळदा विचारते की आपण फार दूर गेलो का. मी तिला खरं तेच सांगते, की हो, फार दूर, आणि मला तुम्ही सगळे रोज हवे असता. पण त्यांचं बोलायचं राहून गेलं असं मात्र म्हणू नकोस. ते राहिलं नाही.

बोडीची पाटी पुढच्या पावसाळ्यात भिजून गेली. घरची चालते, पण तिला उत्तर देणारं कुणी नाही म्हणून मी बंद ठेवली आहे. शेत ठेक्याने दिलं; पाणी कधी सोडायचं ते ठेकेदार ठरवतो. बोडीत पाणी किती, हे आता मला कळून उपयोग नाही आणि तुमच्या आईलाही नाही. ती रोज सकाळी फोन करून विचारते आणि मी सांगते.